इवागुमी टाकी कशी उभारावी: कोरड्या मांडणीपासून पहिल्या छाटणीपर्यंत

इवागुमी ही पाणवनस्पतींच्या काचेच्या टाकीची, म्हणजे ॲक्वेरियमची, दगडप्रधान जपानी मांडणी. अशा टाकीत तीन, पाच किंवा सात दगड, एक-दोन जातींची बुटकी रोपे आणि बरीचशी मोकळी जागा एवढेच असते. त्यामुळे ती नवशिक्यांसाठी सोयीची असावी असा समज होतो, आणि अनेक टाक्या दुसऱ्या महिन्यात शैवालाने झाकल्या जातात त्या याच समजापायी. दाट लागवडीच्या टाकीत भराभर वाढणारी रोपे अमोनिया आणि इतर पोषकद्रव्ये शोषून घेतात आणि मालकाच्या चुका काही प्रमाणात पोटात घालतात. इवागुमीत ती सोय नसते, कारण जमिनीलगत सरकणारी रोपे संख्येने कितीही असली तरी सुरुवातीच्या आठवड्यांत त्यांचे एकूण वस्तुमान नगण्य असते. म्हणून या टाकीचे यशापयश दोन ठिकाणी ठरते: पाणी भरण्यापूर्वीच्या कोरड्या मांडणीत आणि पाणी भरल्यानंतरच्या पहिल्या सहा आठवड्यांत. हा लेखही मुख्यतः तिथेच थांबतो.

उदाहरणादाखल घेतलेली सर्व मापे ६० × ३० × ३६ सें.मी. टाकीची आहेत. टाकी वेगळ्या मापाची असल्यास प्रमाण तेच ठेवून आकडे बदलावेत.

## टप्पा १: टाकी, जागा आणि उपकरणे

या मापाच्या टाकीची हिशेबी क्षमता सुमारे ६५ लिटर असते, परंतु माती आणि दगड यांनी जागा व्यापल्यावर प्रत्यक्ष पाणी ५० लिटरच्या आसपासच राहते. खत आणि पाणी शुद्ध करणारी द्रावणे यांचे प्रमाण या दुसऱ्या आकड्यावरून काढावे. पाणी, दगड, माती आणि काच मिळून वजन ८० ते ९० किलो होते. तेव्हा टेबल किंवा स्टँड हे वजन वर्षानुवर्षे पेलेल असेच हवे, आणि त्यावर पाणसळ ठेवून दोन्ही दिशांनी पातळी तपासलेली हवी. कडांना चौकट नसलेल्या टाकीखाली मऊ फोमची चटई अंथरणे आवश्यक आहे, कारण तळाखाली अडकलेला वाळूचा एखादा कणही काचेवर एका जागी ताण आणू शकतो.

फिल्टर असा निवडावा की त्याचा ताशी प्रवाह टाकीच्या क्षमतेच्या पाच ते दहा पट असेल, म्हणजे येथे ताशी ३०० ते ६०० लिटर. दिव्याची तीव्रता कमी-जास्त करता येणे ही चैन समजू नये. सुरुवातीला प्रकाश कमी ठेवावा लागतो, आणि ज्या दिव्यात ती सोय नसते तो टाकीपासून उंच टांगण्याचा खटाटोप करावा लागतो. दिवा आणि रोपांच्या वाढीसाठी पाण्यात सोडायचा कार्बन डायऑक्साइड यांच्यासाठी दोन स्वतंत्र टायमर घ्यावेत.

कार्बन डायऑक्साइडशिवाय इवागुमी होते का, हा प्रश्न नेहमी विचारला जातो. मंद प्रकाश आणि मोठा संयम असेल तर काही जाती तग धरतात, परंतु बुटक्या रोपांचा घट्ट, आखूड आणि सलग गालिचा हवा असेल तर सिलिंडर, रेग्युलेटर, बंद-चालू करणारी सोलेनॉइड झडप आणि वायू बारीक बुडबुड्यांनी पाण्यात मिसळणारा डिफ्यूझर अशी पूर्ण व्यवस्था करावी, असे माझे स्पष्ट मत आहे. साखर आणि यीस्टच्या बाटलीतून मिळणारा वायू दिवसागणिक कमी-जास्त होतो, आणि हा चढउतारच शैवालाला मानवतो.

सावधान: सिलिंडर नेहमी उभा आणि बांधून ठेवावा, खोलीत हवा खेळती असावी आणि नळीत एकदिशा झडप बसवावी. झडप नसल्यास वायू बंद झाल्यावर टाकीतील पाणी नळीतून उलटे रेग्युलेटरपर्यंत पोहोचते.

## टप्पा २: दगडांची निवड

सगळे दगड एकाच जातीचे, एकाच रंगाचे आणि एकाच पोताचे असावेत. दोन जातींची सरमिसळ केली की मांडणी कितीही कौशल्याची असली तरी ती गोळा करून ठेवल्यासारखी दिसते. इवागुमीसाठी निळसर करडा, पांढऱ्या शिरा असलेला सेरियू दगड सर्वाधिक वापरला जातो. ओहको, म्हणजे बाजारात ज्याला ड्रॅगन स्टोन म्हणतात तो, मातकट रंगाचा, भोके पडलेला आणि ठिसूळ असतो. लाव्हा हलका असतो आणि पाण्याच्या गुणधर्मांत फरक करत नाही, मात्र त्याच्या खडबडीत पृष्ठभागावर शैवाल घट्ट बसते.

या टाकीला साधारण १० ते १५ किलो दगड लागतो. परंतु मोजून तेवढाच आणल्यास मांडणीला वाव राहत नाही, म्हणून शक्य असेल तर दुप्पट दगड समोर ठेवून त्यातून निवड करावी. सर्वांत मोठ्या दगडाबाबत तडजोड करू नये. या प्रकारातली सर्वांत जास्त आढळणारी चूक म्हणजे मुख्य दगड लहान निवडणे. दुकानात मोठा वाटणारा दगड टाकीत गेला की त्याचा बराच भाग मातीत जातो, वर गालिचा दोन-तीन सेंटिमीटर चढतो, आणि सहा आठवड्यांनी दगडाचा फक्त माथा उरतो. निवड करताना दगडाच्या उंचीतून मातीत जाणारा भाग आणि गालिच्याचे तीन सेंटिमीटर वजा करून उरेल तेवढाच दगड आपला, असे धरावे.

दगड कडक ब्रशने वाहत्या पाण्यात घासावेत आणि भेगांमधील माती टोकदार काडीने काढावी. दगड उकळू नयेत. आत अडकलेल्या ओलाव्याची वाफ होऊन तो तडकू शकतो.

तपासणी: सेरियूसारख्या दगडांत चुन्याचा अंश असतो आणि त्यामुळे पाण्याचा जडपणा वाढतो. निवडलेले दगड बादलीभर पाण्यात आठवडाभर ठेवून आधी आणि नंतर जीएच (एकूण जडपणा) व केएच (कार्बोनेटांमुळे येणारा जडपणा) मोजावे. वाढ थोडी असल्यास नियमित पाणी बदलण्याने ती आटोक्यात राहते. वाढ मोठी असेल आणि मूळ पाणीही जड असेल, तर आरओचे पाणी मिसळावे किंवा दगडाची जात बदलावी.

## टप्पा ३: कोरडी मांडणी

हा टप्पा टाकीत करू नये. टाकीच्या तळाएवढा, म्हणजे ६० × ३० सें.मी. मापाचा पुठ्ठ्याचा उथळ खोका घेऊन त्यात पाच-सहा सेंटिमीटर वाळू पसरावी आणि सर्व प्रयोग तेथे करावेत. दगड काचेवर आपटण्याची भीती नसली की हात मोकळा होतो आणि धाडसी कोन सुचतात.

पहिला दगड ओयाइशी, म्हणजे मुख्य दगड. तो चारही बाजूंनी फिरवून त्याचे तोंड शोधावे. ज्या बाजूने शिरा, कडा आणि सावल्या सर्वाधिक ठळक दिसतात ती बाजू समोर यावी. त्याचे टोक तळापासून टाकीच्या उंचीच्या सुमारे दोन तृतीयांशापर्यंत, म्हणजे येथे २४ सें.मी.पर्यंत पोहोचावे. जागा मध्यभागी कधीही नको. लांबीचे साधारण १ : १.६ असे दोन भाग पाडणाऱ्या रेषेवर, म्हणजे एका बाजूपासून २३ सें.मी. अंतरावर आणि खोलीच्या दृष्टीने मध्याच्या किंचित मागे तो बसवावा. तो सरळ उभा न ठेवता थोडा झुकवावा, जणू वर्षानुवर्षे एकाच दिशेने वाहणाऱ्या प्रवाहाने त्याला कलते केले आहे.

दुसरा दगड फुकुइशी. तो ओयाइशीच्या उंचीच्या सुमारे दोन तृतीयांश असावा आणि टाकीच्या दुसऱ्या बाजूला बसवून तोल साधावा. त्याने मुख्य दगडाशी स्पर्धा करू नये. तिसरा सोएइशी हा मुख्य दगडाच्या पायाशी, त्याला जोड म्हणून येतो. यापुढचे सुतेइशी लहान असतात आणि गालिचा वाढल्यावर त्यांतील काही झाकले गेले तरी चालते; त्यांचे काम मोठ्या दगडांची जमिनीशी सांधेजोड करण्याचे आहे. एकूण संख्या विषम, म्हणजे तीन, पाच किंवा सात ठेवण्याचा प्रघात आहे, कारण विषम संख्येत डोळा दगडांच्या जोड्या लावू शकत नाही. सुतेइशींचे बारीक तुकडे मोजण्याच्या भानगडीत मात्र पडू नये.

मांडणी नैसर्गिक वाटते की नाही हे तीन गोष्टींवर ठरते, आणि त्यांतली पहिली सर्वांत जास्त दुर्लक्षिली जाते.

पहिली गोष्ट शिरांची दिशा. एकाच खडकाचे तुकडे जमिनीतून वर आल्यासारखे दिसायचे असतील तर सर्व दगडांवरील थर आणि भेगा एकाच दिशेने जायला हव्यात. एका दगडाच्या शिरा आडव्या आणि शेजारच्याच्या उभ्या असतील, तर पाहणाऱ्याला कारण सांगता येत नाही पण काहीतरी बिनसल्याचे जाणवते.

दुसरी गोष्ट पाया. दगडाचा सर्वांत रुंद भाग जमिनीच्या पातळीवर यावा आणि त्याखालचा निमुळता भाग पूर्ण गाडला जावा. अरुंद बुडावर तोललेला दगड ठेवलेला वाटतो, उगवलेला वाटत नाही.

तिसरी गोष्ट असमानता. कोणत्याही दोन दगडांची उंची सारखी नको, त्यांच्यामधील अंतरे सारखी नकोत आणि त्यांची टोके डावीकडून उजवीकडे पायऱ्यांसारखी उतरत जाणारीही नकोत. मोकळ्या जागेलाही हेच लागू आहे: एका बाजूला मोठी रिकामी जागा सोडावी आणि ती भरण्याचा मोह टाळावा. दगडांचे सगळे टोक मुख्य दगडाकडे किंवा सामायिक प्रवाहाच्या दिशेने कललेले असले की ही रिकामी जागा आपोआप मांडणीचा भाग होते.

पाण्याचा आणखी एक परिणाम येथेच गृहीत धरावा. अपवर्तनामुळे समोरून पाहताना टाकीची खोली प्रत्यक्षापेक्षा सुमारे एक चतुर्थांशाने कमी भासते, ३० सें.मी. खोलीची टाकी पाणी भरल्यावर २२-२३ सें.मी. खोल वाटते. कोरडी असताना दगड पुढे-मागे पुरेसे अंतर राखून आहेत असे वाटले, तरी ते अंतर आणखी थोडे वाढवावे.

तपासणी: टाकी ज्या उंचीवरून पाहिली जाणार आहे त्याच उंचीवर डोळे आणून मांडणी पाहावी. मोबाइलवर कृष्णधवल छायाचित्र घ्यावे, कारण रंग निघून गेले की उंचसखल आणि सावल्यांमधील दोष लगेच उघडे पडतात. तेच छायाचित्र आरशातल्यासारखे उलटे करून पाहावे. त्यानंतर मांडणी दोन-तीन दिवस तशीच ठेवावी. तिसऱ्या दिवशीही जो दगड खटकतो तो खरोखर चुकलेला असतो. शेवटी वरून आणि समोरून एकेक छायाचित्र जपून ठेवावे. टाकीत तीच मांडणी पुन्हा करताना ते उपयोगी पडते.

## टप्पा ४: दगड टाकीत बसवणे आणि उताराची माती

क्रम असा ठेवावा: आधी दगडांच्या जागी तळावर प्लॅस्टिकची जाळी किंवा पातळ फोम, मग मातीचा एक-दोन सेंटिमीटरचा थर, मग मोठे दगड, आणि त्यानंतर त्यांच्याभोवती उरलेली माती. उलट्या क्रमाने, म्हणजे पूर्ण माती पसरून वर दगड ठेवल्यास दगडांच्या वजनाने माती दबते, ते काही दिवसांत खचतात आणि नेमका साधलेला कोन बदलतो. मुख्य दगड हाताने हलवून पाहावा. तो डुगडुगत असेल तर त्याच जातीच्या लहान तुकड्याची पाचर मारावी. गरज पडल्यास सायनोॲक्रिलेट प्रकारचा घट्ट गोंद वापरता येतो.

प्रत्येक दगड आणि काच यांत किमान चार-पाच सेंटिमीटर अंतर सोडावे. काच घासण्याचे साधन तेथून जायला हवे, आणि दगड काचेला टेकलेला असेल तर त्या फटीत कचरा कायमचा साचतो.

मातीसाठी दाणेदार, पोषकद्रव्ये असलेली ॲक्वा सॉइल वापरावी. ती पीएच आणि केएच खाली आणते आणि कोवळ्या मुळांना धरून ठेवते. पुढे तीन आणि मागे आठ ते दहा सेंटिमीटर असा उतार ठेवल्यास सरासरी जाडी सुमारे सहा सेंटिमीटर येते; ६० × ३० × ६ भागिले १००० या हिशेबाने १०.८ लिटर माती लागते. दगडांनी व्यापलेली जागा वजा केली तरी थोडी जास्तच घ्यावी, कारण उतार कालांतराने सपाट होत जातो. तो टिकवण्यासाठी मागच्या भागात जाळीच्या पिशव्यांत लाव्हाचे तुकडे भरून त्यांवर माती घालावी, किंवा दगडांच्या मागे पट्टी उभी करून मातीला आधार द्यावा.

सावधान: ॲक्वा सॉइल धुऊ नये. तिचे दाणे भाजलेल्या मातीचे असतात. धुताना ते फुटून चिखल होतो आणि तो गढूळपणा आठवडे टिकतो.

माती पसरून झाल्यावर रुंद ब्रशने किंवा जुन्या प्लॅस्टिक कार्डाने उतार गुळगुळीत करावा. दगडांच्या पायाशी त्याच दगडाच्या बारीक चिपा विखरून टाकाव्यात. दगड आणि माती यांमधील कडक रेषा त्यामुळे मोडते.

## टप्पा ५: रोपांची निवड आणि लागवड

जाती एक, फार तर दोन. मॉन्टे कार्लो ही लहान गोल पानांची, जमिनीलगत पसरणारी वनस्पती सर्वांत क्षमाशील आहे आणि पहिल्या टाकीसाठी मी तीच सुचवेन. बुटके हेअरग्रास, म्हणजे इलिओकॅरिसची लहान जात, धुमाऱ्यांनी पसरते आणि माळरानासारखा देखावा देते. हेमिअँथस 'क्यूबा' हिची पाने सर्वांत बारीक असल्याने दगड मोठे भासतात, पण तिची मुळे उथळ असतात आणि ती कार्बन डायऑक्साइडची कमतरता अजिबात सहन करत नाही. ग्लोसोस्टिग्मा वेगाने वाढते, मात्र प्रकाश कमी पडला की आडवे पसरण्याऐवजी उभे वाढू लागते. 'क्यूबा' आणि मॉन्टे कार्लो शेजारी लावू नयेत; काही महिन्यांत दुसरी पहिलीला गिळते.

शक्य असल्यास प्रयोगशाळेत वाढवलेली, बंद कपातली ऊतिसंवर्धित रोपे घ्यावीत. त्यांत शैवाल, गोगलगायी आणि कीटकनाशकांचा अंश नसतो. किती कप लागतील याचा हिशेब आधी करावा. दगड वगळता सुमारे १४०० चौ.सें.मी. जागा उरते, अडीच सेंटिमीटर अंतराने झुबके लावले तर २२० च्या आसपास झुबके लागतात, आणि एका कपातून साधारण वीस झुबके निघतात असे धरल्यास अकरा कप होतात. येथेच अनेकांचा हात आखडतो: तीन-चार कपांत काम भागवून 'पसरेल हळूहळू' असे म्हटले जाते. रिकाम्या मातीतून सुटणारा अमोनिया आणि वरचा प्रकाश यांचा लाभ मग रोपांऐवजी शैवालाला होतो. खर्च कमी करायचा असेल तर लहान टाकी घ्यावी, विरळ लागवड करू नये.

लागवडीची पद्धत पुढीलप्रमाणे:

१. माती पूर्ण ओली करावी आणि पुढच्या बाजूला पाण्याची पातळी मातीच्या पृष्ठभागाला जेमतेम लागेल एवढीच ठेवावी. कोरड्या मातीत रोप उभे राहत नाही आणि पाणी जास्त झाले की ते तरंगते.

२. कपातील रोपांवरचा जेलीसारखा पदार्थ कोमट पाण्यात पूर्ण धुऊन काढावा. तो मातीत राहिल्यास कुजतो.

३. मॉन्टे कार्लो किंवा 'क्यूबा'चे एक सेंटिमीटरचे झुबके कात्रीने कापावेत. हेअरग्रासच्या पाच-सहा पात्यांच्या जुड्या करून पाती लागवडीपूर्वीच दोन-तीन सेंटिमीटरपर्यंत छाटावीत, कारण पाण्याबाहेर वाढलेली जुनी पाती बहुधा पिवळी पडतातच.

४. बारीक टोकाच्या लांब चिमट्याने झुबका मुळांपाशी धरून तिरपा, सुमारे ४५ अंशांत, मातीत खुपसावा. वर फक्त टोके दिसावीत. चिमटा किंचित उघडून हलकेच डोलवत बाहेर काढावा. सरळ वर ओढला की रोपही त्याच्याबरोबर येते.

५. आधी दगडांच्या पायाशी, मग मागून पुढे या क्रमाने, एकाआड एक ओळी सरकवत लागवड करावी. पुढून सुरुवात केल्यास मागे पोहोचताना मनगटाने लावलेली रोपे उखडतात.

६. काम चालू असताना दर दहा मिनिटांनी पाण्याचा फवारा मारावा. ऊतिसंवर्धित रोपे उघड्या हवेत फार लवकर सुकतात.

कोरड्या सुरुवातीविषयी: पाणी न भरता टाकी प्लॅस्टिकने झाकून, दमटपणा राखून चार ते आठ आठवडे रोपे रुजू देण्याची पद्धतही आहे. यात उखडण्याचा आणि शैवालाचा त्रास टळतो, परंतु बुरशी धरू नये म्हणून झाकण रोज काही मिनिटे उघडावे लागते. माती ओली हवी, पण सखल भागात पाणी साचलेले नको. पाणी भरल्यानंतर अमोनियाचा प्रश्न आपोआप सुटलेला असेल असे मात्र समजू नये. पुढील टप्प्यातील पाणी बदलण्याचे वेळापत्रक या पद्धतीलाही लागू आहे.

## टप्पा ६: पाणी भरणे

दगडाजवळ किंवा मोकळ्या भागात प्लॅस्टिकची पिशवी अथवा फोमचा तुकडा अंथरून त्यावर बारीक नळीने पाणी सोडावे. अर्धा-पाऊण तास लागला तर लागू द्यावा. पाणी गढूळ झाल्यास ते सायफन नळीने काढून पुन्हा भरावे. फिल्टरवर तो भार टाकू नये. नळाच्या पाण्यातील क्लोरीन किंवा क्लोरामाइन आधी निष्प्रभ करावे. तापमान २२ ते २५ अंश सेल्सिअस ठेवावे.

फिल्टर त्याच क्षणी सुरू करावा. जुन्या, निरोगी टाकीच्या फिल्टरमधील थोडे माध्यम मिळाले तर ते यात घालावे, म्हणजे उपयुक्त जिवाणूंना आठवड्यांचा आघाडीचा वेळ मिळतो. प्रवाहाची दिशा अशी ठेवावी की सर्वांत दूरच्या कोपऱ्यातील पातीही किंचित हलतील. जेथे पाते हलत नाही तेथे कार्बन डायऑक्साइड पोहोचत नाही, आणि पुढे गालिचा तेथेच विरळ राहतो.

कार्बन डायऑक्साइड दिव्याच्या एक ते दोन तास आधी सुरू व्हावा आणि दिव्याच्या थोडा आधी बंद व्हावा. प्रमाण बुडबुडे मोजून ठरवू नये, कारण बुडबुड्याचा आकार उपकरणागणिक बदलतो. त्याऐवजी टाकीत ड्रॉप चेकर, म्हणजे वायूचे प्रमाण रंगाने दाखवणारी छोटी कुपी, लावावी आणि तिच्यात ४ केएचचे प्रमाणित द्रावण वापरावे. टाकीतलेच पाणी तिच्यात घातल्यास मापन निरर्थक होते. निळा रंग म्हणजे वायू कमी, हिरवा म्हणजे लिटरमागे सुमारे ३० मि.ग्रॅ., पिवळा म्हणजे जास्त. हा रंग एक-दोन तासांपूर्वीची स्थिती दाखवतो हे लक्षात ठेवून दिवा लागताना हिरवा रंग आलेला असावा. पीएच मोजणाऱ्यांनी वायू सुरू होण्यापूर्वीच्या आणि नंतरच्या आकड्यांत साधारण १ चा फरक पडतो का, ते पाहावे.

## टप्पा ७: पहिले सहा आठवडे

नवी ॲक्वा सॉइल कित्येक आठवडे अमोनिया सोडते. टाकी सुंदर दिसत असते, पाणी स्वच्छ असते, आणि म्हणून पाणी बदलणे अनावश्यक वाटते. बहुसंख्य अपयशांची सुरुवात याच वाटण्याने होते. पहिल्या आठवड्यात रोज निम्मे पाणी बदलावे. दुसऱ्या आठवड्यात एक दिवसाआड, तिसऱ्यात दर तिसऱ्या दिवशी, चौथ्यात दोनदा आणि त्यानंतर आठवड्यातून एकदा ३० ते ५० टक्के.

दिवा सहा तासांपेक्षा जास्त लावू नये आणि तीव्रता दोन तृतीयांशाच्या आसपास ठेवावी. गालिचा सरकू लागल्याचे दिसले की दर आठवड्याला अर्ध्या तासाने वाढवत आठ तासांवर थांबावे. तीव्रता आणि वेळ एकाच आठवड्यात वाढवू नयेत. वाढ मंद आहे म्हणून प्रकाश वाढवणे ही दुसरी लाडकी चूक आहे. रोपे पहिले दोन आठवडे मुळे धरण्यातच घालवतात आणि वरून काही घडताना दिसत नाही.

खताबाबत या काळात हात राखून असावे. नत्र मातीतून मिळतच असते. पोटॅशियम आणि सूक्ष्मद्रव्ये पहिल्या-दुसऱ्या आठवड्यापासून थोड्या प्रमाणात द्यावीत, आणि पाने फिकट होऊ लागली की किंवा चार ते सहा आठवड्यांनंतर पूर्ण खत सुरू करावे. रोपांचे वस्तुमान कमी असल्याची भरपाई म्हणून साल्व्हिनियासारखी तरंगती वनस्पती मूठभर टाकता येते. ती अमोनिया झपाट्याने शोषते आणि थोडी सावलीही देते. देखाव्याला ती मारक असली तरी महिन्याभराने काढून टाकायची असते. तिला पाण्याचा निम्म्यापेक्षा जास्त पृष्ठभाग मात्र व्यापू देऊ नये.

शैवाल येणारच, कोणते आले ते ओळखून उपाय करावा. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात दगडांवर आणि पानांवर तपकिरी धूळ बसते. ती डायटम नावाची सूक्ष्म शैवाले असतात, बोटाने सहज पुसली जातात आणि टाकी स्थिरावल्यावर बहुधा आपोआप जातात. हिरवे धागे दिसल्यास ते दात घासायच्या ब्रशवर गुंडाळून काढावेत, दिवा तासाभराने कमी करावा आणि अमोनिया मोजावा. काचेवर कडक हिरवे ठिपके सहसा प्रकाश जास्त आणि फॉस्फेट कमी असल्याचे सांगतात. काळी, दाढीसारखी शैवाले दगडांच्या कडांवर आली, तर कार्बन डायऑक्साइड दिवसागणिक अस्थिर आहे असे समजून आधी टायमर, रेग्युलेटर आणि डिफ्यूझर तपासावेत. एकाच दिवशी दिवा, खत आणि वायू हे तिन्ही बदलल्यास कशाचा परिणाम झाला ते कधीच कळत नाही.

तपासणी: चौथ्या आठवड्यापासून दर दोन-तीन दिवसांनी अमोनिया आणि नायट्राइट मोजावेत. पाणी बदलल्यानंतर लगेच मोजू नये. दोन्ही शून्य आणि नायट्रेट मोजता येण्याजोगे, अशी स्थिती आठवडाभर टिकल्याशिवाय एकही जीव टाकीत सोडू नये.

## टप्पा ८: कोळंबी आणि मासे

पहिला मान अमानो कोळंबीचा. या टाकीत सहा ते दहा कोळंब्या धाग्यासारखे शैवाल चांगले आवरतात. तांबे असलेली औषधे तिला घातक असतात, त्यामुळे बाटलीवरील घटक वाचल्याशिवाय काहीही ओतू नये. ओटोसिंक्लस मासा डायटम खातो, परंतु नव्या टाकीत त्याची उपासमार होते. तो दोन महिन्यांनंतरच आणावा.

देखाव्यासाठी एकाच जातीच्या लहान माशांचा एक थवा पुरेसा आहे: १५ ते २० एम्बर टेट्रा, ग्रीन निऑन किंवा चिली रासबोरा. मासा जितका लहान तितका दगड भव्य भासतो. दोन-तीन जाती एकत्र केल्या की नजर दगडांवरून उडून माशांमागे धावते. माती उकरणारे कोरीडोरस आणि लोच गालिचा रुजण्याआधी तर नकोतच, नंतरही विचार करूनच घ्यावेत.

सावधान: दिवा बंद होण्याच्या सुमारास मासे पृष्ठभागावर येऊन धापा टाकत असतील तर कार्बन डायऑक्साइड जास्त झाला आहे. वायू ताबडतोब बंद करून पृष्ठभाग हलेल अशी व्यवस्था करावी आणि पाणी बदलावे. जीव सोडण्यापूर्वी बसवलेले वायूचे प्रमाण त्यांच्यासाठी पुन्हा तपासून घ्यावे लागते.

## टप्पा ९: छाटणी आणि दुरुस्ती

पाचव्या-सहाव्या आठवड्यात गालिच्याची बेटे एकमेकांना भिडू लागतात. पहिली छाटणी येथेच करावी. पूर्ण हिरवाई येण्याची वाट पाहू नये. नुकताच भरू लागलेला गालिचा कापायला जीव धजावत नाही हे खरे, पण कापल्यानेच तो आडवा आणि घट्ट वाढतो. फिल्टर बंद करून, वाकड्या पात्याच्या कात्रीने दीड-दोन सेंटिमीटर उंची ठेवून कापावे, तरंगणारे तुकडे बारीक जाळीने उचलावेत, आणि उरलेले सायफनने ओढत त्याच वेळी निम्मे पाणी बदलावे. राहिलेला प्रत्येक तुकडा कोठेतरी दगडाच्या खाचेत कुजतो किंवा नको तेथे रुजतो. यानंतर तीन ते चार आठवड्यांनी छाटणी करत राहावी. दगडांच्या पायालगत थोडे अधिक आखूड कापल्यास त्यांची उंची टिकून राहते.

छाटणी लांबवली तर मॉन्टे कार्लो आणि 'क्यूबा'चा थर तीन सेंटिमीटरच्या पुढे जातो, खालच्या पानांना प्रकाश मिळेनासा होतो, मुळांजवळचा भाग तपकिरी होऊन सुटतो आणि एके दिवशी गालिच्याचा मोठा तुकडा तरंगत वर येतो. तसे झाल्यास तो तुकडा परत दाबून बसवण्याचा प्रयत्न करू नये. त्याचा वरचा हिरवा भाग कापून वेगळा ठेवावा, खालचा कुजलेला भाग फेकून द्यावा, उघड्या पडलेल्या जागेवरील गाळ सायफनने काढावा आणि दोन सेंटिमीटर नवी माती घालावी. ही माती कोरडी आणि हलकी असते, म्हणून पाण्याची पातळी त्या जागेपर्यंत उतरवूनच ती टाकावी आणि भिजल्यावर वरचे झुबके पाचव्या टप्प्यातल्याप्रमाणे लावावेत. नवी माती थोडी असली तरी अमोनिया सोडतेच. पुढील आठवडाभर एक दिवसाआड पाणी बदलावे आणि कोळंबीवर लक्ष ठेवावे.